ताप गेला, खोकला काही जाईना. कोणतं सिरप घ्यावं?

निळी शाई:
सर्दी-ताप येऊन गेला त्याला महिना होत आला, पण खोकला काही पाठ सोडत नाही. दिवसा बरं असतं. रात्री आडवं झालं की घशात खवखव, आणि उबळ आली की उठून बसावं लागतं. कफ फारसा नाही. सिरपच्या दोन बाटल्या संपल्या. एखादं चांगलं सिरप सुचवा, आणि डॉक्टरांकडे आत्ताच जायला हवं का तेही सांगा.

रानवारा:
आणखी सिरपच्या भानगडीत पडू नका. विषाणू गेला तरी श्वासनलिकेची सूज लगेच उतरत नाही, आतलं अस्तर हुळहुळं राहतं. मग थंड हवा, धूर, जोरात हसणं, काहीही निमित्त पुरतं. असा खोकला ३ ते ८ आठवडे रेंगाळू शकतो. झोपताना चमचाभर मध घेऊन बघा. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मात्र मध अजिबात देऊ नका.

हातचा एक:
हे वाचून कुणी ८ आठवडे बसून राहू नये म्हणून लिहिते. २ आठवड्यांच्या वर खोकला आणि जोडीला बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं असेल तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यायची. थुंकीत रक्त, छातीत दुखणं, दम लागणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सिगारेट ओढणाऱ्यांचा नेहमीचा खोकला बदलला तरी थांबू नये. आणि कफ हिरवा झाला म्हणून घरात उरलेली अँटिबायोटिक? नको. नुसत्या रंगावरून काही ठरत नाही.

निळी शाई:
यातलं काहीच नाही हो. फक्त रात्रीचा त्रास.

उंबरठा:
रात्रीच का, इथेच तर मेख आहे. आडवं झालं की नाकामागचा स्राव घशात उतरतो, नाहीतर पोटातलं आम्ल वर येतं. त्यासाठी छातीत जळजळ व्हायलाच हवी असं नाही. काहींचा दमाही नुसत्या खोकल्यातूनच दिसतो, तो नळीत फुंकायच्या चाचणीत कळतो. जेवण आणि झोप यात ३ तास जाऊ द्या. उशांवर उशा रचू नका, पोट दुमडतं. पलंगाचे डोक्याकडचे पाय उंच करा. बीपीची गोळी चालू आहे का?

निळी शाई:
हो, रॅमिप्रिल, काही महिन्यांपासून. पण खोकला तापानंतर लागला, त्याचा काय संबंध?

उंबरठा:
कदाचित नसेलही. पण नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, कधीकधी सुरू केल्यावर महिन्यांनी. मनाने बंद करू नका, बीपी चढेल. डॉक्टरांना वाटलं तर ते टेल्मिसार्टनसारखी दुसरी देतील. गोळी बदलली तरी खोकला जायला सहसा १ ते ४ आठवडे लागतात, क्वचित ३ महिने. दुसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून चिडू नका.

हातचा एक:
म्हणजे या आठवड्यात जाऊनच या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, सिरपच्या रिकाम्या बाटल्याही. नावं वेगळी असली तरी आत औषध एकच निघतं बऱ्याचदा.