बेल गेल्यावर वेल्स उभं राहिलं की उघडं पडलं?

पार्कचौक_विंगर:
माझं मत, वेल्सचा स्टार फुटबॉलर गॅरेथ बेल थांबला आणि वेल्स खऱ्या अर्थानं संघ झाला. लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास, आपल्या सोलापूर जिल्ह्यापेक्षाही कमी. जानेवारी २०२३ मध्ये बेल निवृत्त झाला, १११ सामने, ४१ गोल. तोवर बॉल मिळाला की आधी बेल कुठं आहे ते बघायचं. २०२४ ला क्रेग बेलामी प्रशिक्षक आला. नेशन्स लीग या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत गटाचे सहा सामने, एकही हार नाही. शेवटी आइसलँडला ४-१ हाणून वरच्या श्रेणीत बढती.

बाळीवेस_स्टॉपर:
मधलं दीड वर्ष गाळलंस की बे! जून २०२३ ला कार्डिफमध्ये, घरच्या मैदानावर, आर्मेनियानं ४-२ नं हरवलं. मार्च २०२४ ला युरो कपला पात्र ठरायच्या प्ले-ऑफची फायनल, पोलंडसमोर १२० मिनिटं ०-०, पेनल्टीवर घालवली. १९५८ नंतर पहिल्यांदा, २०२२ च्या वर्ल्डकपचं तिकीट मिळालं ते कुणामुळं? ऑस्ट्रियाविरुद्ध दोन्ही गोल बेलचे. युक्रेनविरुद्ध फ्री किक त्याचीच, समोरच्याच्या डोक्याला लागून आत गेली. अशा रात्री बॉल ठेवून चार पावलं मागं जाणारा माणूस लागतो. तो आता नाही.

पार्कचौक_विंगर:
आर्मेनियाची हार मान्य. पण तो सवय मोडण्याचा काळ होता. संध्याकाळी मी पोरांना शिकवतो. आमचा डावा विंगर कॉलेजला पुण्याला गेला. पहिले दोन सामने पोरं बॉल घेऊन डावीकडं बघायची, तिथं कुणीच नसायचं, तेवढ्यात बॉल जायचा. तिसऱ्या सामन्यात आमच्या बॅकनं पहिल्यांदा स्वतः पुढं घुसून क्रॉस टाकला. बेल असता तर जून २०२५ ला बेल्जियममध्ये ०-३ वरून ३-३ करायला इतके जण पुढं आले असते का?

बाळीवेस_स्टॉपर:
आणि ८८ व्या मिनिटाला बेल्जियमच्या डी ब्रॉयनानं ४-३ केलं, ते?

रेल्वेलाइन्स_१०:
आपलंच बघा ना. आपला स्ट्रायकर सुनील छेत्री जून २०२४ ला कुवेतविरुद्ध थांबला. मार्च २०२५ ला चाळिशीत परत बोलावला, मालदीवविरुद्ध गोलही केला. मी स्टॉपरच्या बाजूनं.

पार्कचौक_विंगर:
आणि सहा दिवसांनी बांगलादेशसमोर ०-० च. परत बोलावलं तिथंच चुकलं. नव्या स्ट्रायकरला पाच सामने सलग वाईट खेळू द्यायला हवे होते. वेल्सनं तेवढी कळ सोसली.