छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघामागे अकरा हिवाळे घालवणं: वेड की वेळेचा अपव्यय?

बर्फाळ_बापू

परवा एक मित्र जेवायला आला होता. हात धुता धुता म्हणाला, "शनिवारी दुपारी असतोस कुठे रे तू? फोन लागत नाही." मी तोंड उघडायच्या आत बायकोने उत्तर दिलं, "दुसऱ्यांची पोरं हरताना बघायला जातो तो."

खोटं नाही. मी मिनेसोटात सेंट पॉलला राहतो. स्नेलिंग अव्हेन्यूवर हॅमलिन विद्यापीठ आहे, त्यांच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाचा मी अकरा हिवाळे चाहता आहे. मी तिथे शिकलेलो नाही, बायको नाही, मुलगीही नाही. एका जानेवारीत उणे वीसमध्ये बसची वाट बघत होतो, पापण्यांवर बर्फ धरायला लागलं, समोर जिमचे दिवे दिसले म्हणून आत शिरलो. ऊब मिळाली आणि सामनाही मिळाला. बस केव्हा येऊन गेली कळलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए ह्या संघटनेच्या तीन पायऱ्या आहेत. टीव्हीवर दिसते ती पहिली. हॅमलिन तिसरीवर, म्हणजे डिव्हिजन थ्री. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदी आहे. अशी चारशेच्या वर कॉलेजं आहेत. नोव्हेंबरपासून पंचवीसेक सामने, मग बहुतेकांचा हंगाम फेब्रुवारीतच संपतो.

मित्राचं म्हणणं, एनबीए ह्या व्यावसायिक लीगमधले टिंबरवुल्व्ह्ज इथेच मिनिआपोलिसला खेळतात, ग्रीन लाइनची ट्रेन पार तिथे सोडते, मग हे कशाला? मी त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. मी तिसऱ्या रांगेत बसतो. टाइमआउटमध्ये कोच काय बोलतो ते ऐकू येतं. परवा फ्री थ्रोच्या वेळी एका पोराने चेंडू तीनदा आपटला, मग ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला, तेही दिसलं. डिसेंबरात मी तापाने पडलो होतो आणि एक सामना हुकला. पुढच्या वेळी तिकिटाच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "गेल्या खेपेला दिसला नाहीत, बरं आहे ना?" अठरा हजारांच्या स्टेडियममध्ये मी नसलो तर कुणाला कळणार आहे?

आणि ही जागा ऐरीगैरी नाही. ९ फेब्रुवारी १८९५ रोजी दोन कॉलेजांमधला पहिला बास्केटबॉल सामना म्हणून जो ओळखला जातो तो हॅमलिनच्याच तळघरात झाला. नेस्मिथने खेळ शोधला १८९१ च्या डिसेंबरात, आणि त्याच्या पहिल्यावहिल्या सामन्यात खेळलेला रे केन इथे येऊन हे खूळ लावून गेला. एका बाजूला नऊ-नऊ खेळाडू होते. हॅमलिन ३–९ ने हरलं. म्हणजे हरण्याची परंपरा जुनी आहे.

तर चर्चेचा प्रश्न: छोट्या संघाचं असं वेड धरण्यात काही अर्थ आहे, की आम्ही आपलं कौतुक करून घेतोय?

आकडेमोड

जोरदार असहमत. अहो बापू, गल्लीतलं भजनी मंडळ आवडतं म्हणा, कोण अडवतंय? पण त्यासाठी सवाईकडे पाठ फिरवू नका. डिव्हिजन थ्रीचा दर्जा काय असतो ते एका आकड्यात सांगतो. २० नोव्हेंबर २०१२, आयोवातलं ग्रिनेल कॉलेज, खेळाडू जॅक टेलर. एकट्याने १३८ गुण. त्यासाठी बास्केटच्या दिशेने १०८ वेळा चेंडू मारला, त्यात लांबून मारायचे, तीन गुणांचे ७१ थ्री-पॉइंटर, त्यांतले पडले २७. आणि समोरच्या बायबल कॉलेजच्या एकाने त्याच सामन्यात ७० केले! १७९–१०४. ह्याला बास्केटबॉल म्हणायचं की जत्रेतली नेमबाजी?

बर्फाळ_बापू

ग्रिनेलची ती पद्धतच आहे हो. पाच-पाचच्या पाळ्या सतत बदलायच्या, पूर्ण कोर्टवर दाबायचं, मिळेल तिथून मारायचं. मलाही आवडत नाही. पण असा खुळा प्रयोग वर्षानुवर्षं करायला ज्या कोचला नोकरी गमवायची भीती नसते तो फक्त ह्याच पायरीवर सापडेल. वरच्या पायरीवर दोन हंगाम असं करून दाखवा.

आणि दर्जाचंच म्हणाल तर डंकन रॉबिन्सन बघा. २०१३-१४ मध्ये विल्यम्स कॉलेजकडून ह्याच डिव्हिजन थ्रीत खेळला. अंतिम सामन्यात व्हाइटवॉटरकडून ७३–७५ ने हरला, तेही शेवटच्या क्षणाच्या बास्केटवर. मग मिशिगन विद्यापीठ, मग एनबीएतले मायामी हीट, आणि २०२१ मध्ये पाच वर्षांचा ९ कोटी डॉलरचा करार.

आकडेमोड

एक रॉबिन्सन दाखवून चारशे कॉलेजं झाकता येत नाहीत. आणि तुम्हीच बघा, तो विल्यम्समध्ये थांबला का? एका वर्षात वर गेला. ज्याला खेळ येतो तो निघून जातो, उरलेल्यांना तुम्ही टाळ्या वाजवता.

मस्तान_तलाव

मी नागपाड्यात वाढलो. मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की मस्तान तलावाचं कोर्ट, जाणकारांना सांगायला नको. संध्याकाळी दिवे लागले की आजूबाजूच्या खिडक्यांतून बायापोरं बघायची. खाली खेळणारा कुणाचा तरी भाऊ असायचा, कुणाचा भाचा. चुकला की खिडकीतून आईच ओरडायची. त्यामुळे छोट्या खेळाचं प्रेम मला शिकवू नका, कळतं.

पण बापू, राग मानू नका, तुमचं नातं मला पटत नाही. तो मोहल्ला तुमचा नाही. पोरं चार वर्षांत डिग्री घेऊन पसार. अकरा वर्षांत तुमचा संघ जवळपास तीनदा अख्खा बदलला असणार. मग तुम्ही प्रेम करता कुणावर? बनियनच्या रंगावर?

बर्फाळ_बापू

हा प्रश्न आवडला, कारण मी स्वतःला विचारलाय.

तुम्ही कधी पुरुषोत्तम करंडकाला पुण्यात भरत नाट्यमंदिरात बसलाय का? मी बसलोय, सलग सहा वर्षं. "आव्वाज कुणाचा" सुरू झालं की पन्नाशीचे काका कॉलेजच्या नावाने बेंबीच्या देठापासून ओरडतात. रंगमंचावरच्या एकाही पोराला ते ओळखत नसतात. त्यांच्या वेळची पोरं आता बँकेतून निवृत्त व्हायला आली. त्यांना विचारा, ओरडता कुणासाठी.

शिवाय चार वर्षं ही थोडी नसतात. पहिल्या वर्षी काडीपैलवान आलेलं पोरगं, ज्याच्या हातून चेंडू निसटतो, ते चौथ्या वर्षी नव्यांना मागून "हात वर, हात वर" ओरडताना दिसतं. एनबीएत माणूस तयार होऊन येतो. इथे तो डोळ्यांदेखत तयार होतो. फेब्रुवारीतल्या शेवटच्या घरच्या सामन्यात आईवडिलांना कोर्टवर बोलावतात, हातात फुलं देतात. दरवर्षी मी बुटाची लेस बांधायला खाली वाकतो.

हिशेबनीस_काकू

इतका गोड धागा आहे की मीठ टाकायचं जिवावर येतंय. पण टाकते.

मी मध्यपश्चिमेतल्या अशाच एका छोट्या खासगी कॉलेजच्या हिशेब खात्यात नऊ वर्षं होते. नाव सांगणार नाही. "खेळाची शिष्यवृत्ती नाही" हे वाक्य ऐकलं की लोकांना वाटतं पोरं निव्वळ हौसेने खेळतात आणि कॉलेज निव्वळ हौसेने खेळवतं. तसं नसतं हो. छोट्या कॉलेजला विद्यार्थी मिळणं हाच जीवनमरणाचा प्रश्न आहे. अठरा वर्षांची मुलं घटतायत. अशा वेळी कोच हा अर्धा प्रवेश अधिकारी असतो. त्याला आकडा ठरवून दिलेला असतो: यंदा इतकी पोरं आण. कोर्टवर उतरतात पाच, सामन्यात खेळतात दहा-बारा, पण यादीत वीस-पंचवीस कशाला असतात? ते सगळे फी भरतात म्हणून. शिष्यवृत्ती नसते, पण "गुणवत्ता सवलत" असते, आणि ती वजा जाता उरलेली रक्कमही मध्यमवर्गीय बापाची झोप उडवायला पुरेशी असते.

आणि इतकं करूनही कॉलेजं वाचत नाहीत. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, हॅनकॉक गावात, फिनलंडहून आलेल्या लोकांनी १८९६ मध्ये काढलेलं फिनलंडिया विद्यापीठ २०२३ मध्ये बंद झालं. तेही डिव्हिजन थ्रीचंच. मार्चमध्ये जाहीर केलं आणि पोरं रस्त्यावर. तिथेही कुणीतरी तिसऱ्या रांगेत बसणारा बापू असेलच.

तुमचं प्रेम खोटं म्हणत नाही मी. पण तुम्ही ज्याला निरागस म्हणताय तो धंदाच आहे, फक्त छोटा.

आकडेमोड

काकूंना +१०८. (ग्रिनेलच्या हिशेबाने.)

बाकावरचा_बाप

लॉगिन फक्त ह्या धाग्यासाठी शोधून काढलं. आमचा धाकटा अशाच एका यादीत होता, काकू म्हणतात त्या वीस-पंचवीसांपैकी विसावा. दोन वर्षांत मिळून अकरा मिनिटं खेळला. मी मोजली आहेत. फीही मीच भरली, त्यामुळे तो आकडा मला काकूंपेक्षा जास्त टोचतो.

तरी तुमचं अर्धंच खरं आहे. तो पहाटे साडेपाचला उठून सरावाला जायचा तेव्हा त्याला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. वरच्या पायरीवर खेळ सोडला की शिष्यवृत्ती धोक्यात. इथे सोडला तर सवलत तीच, खोली तीच, मित्र तेच. तिसऱ्या वर्षी केमिस्ट्रीची लॅब आणि सराव एकाच वेळी आले. त्याने कोचला जाऊन सांगितलं, मी थांबतो. कोच म्हणाला, बरं, सामन्याला ये. तो गेला, प्रेक्षकांत बसला. ह्यात धंदा कुठे दिसतो ते सांगा.

हिशेबनीस_काकू

तुमचा मुलगा नशीबवान आणि तो कोचही भला. पण भल्या कोचलाही पुढच्या वर्षीचा आकडा गाठावाच लागतो, मी ते तक्ते पाहिलेत.

टॉमी_इन_सेंटपॉल

धागाकर्त्याने एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. ह्याच सेंट पॉलमध्ये सेंट थॉमस आहे. २०११ आणि २०१६ असे दोनदा डिव्हिजन थ्रीचे राष्ट्रीय विजेते, बास्केटबॉलमध्येच. १९२० मध्ये एमआयएसी ही परिषद, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या इथल्या कॉलेजांचा गट, स्थापन करणाऱ्यांत सेंट थॉमस, त्यांच्यातच हॅमलिन. आणि २०१९ मध्ये बाकीच्यांनी मिळून सेंट थॉमसला परिषदेतून काढलं. का? फार जिंकतात म्हणून! वर शब्द कसा, तर "स्पर्धेतील समतोल". छोट्या कॉलेजांचं प्रेम, आपुलकी वगैरे ठीक, पण कुणी वर डोकं काढलं की सगळी आपुलकी संपते. सेंट थॉमस तिथून थेट डिव्हिजन वनला गेलं. बरं झालं.

बर्फाळ_बापू

गाळली होती, कबूल. कारण त्यावर माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

बाजू समजून घ्या. सेंट थॉमसचे पदवीचे विद्यार्थी सहा हजारांच्या वर, बाकीच्यांचे बहुतेक दोन-तीन हजार. २०१७ मध्ये फुटबॉलला त्यांनी सेंट ओलाफला ९७–० ने हरवलं. त्या धुलाईत कुणाचं भलं झालं? पण बाहेर काढल्याची बातमी आली तेव्हा मला आधी आनंद झाला, आणि रात्री झोपताना लाज वाटली. कारण माझ्या हॅमलिननेही १९४२, १९४९ आणि १९५१ मध्ये छोट्या कॉलेजांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. जो हटन कोच, व्हर्न मिकेलसन खेळाडू. हाच मिकेलसन पुढे एनबीएतल्या लेकर्सकडून, तेव्हा ते मिनिआपोलिसचे होते, चार वेळा विजेता झाला. तेव्हा कुणी आम्हाला काढलं नाही.

मस्तान_तलाव

हे मात्र प्रामाणिक उत्तर. माझा अर्धा आक्षेप मागे. बनियनच्या रंगाचा अर्धा राहू द्या.

आकडेमोड

म्हणजे निष्कर्ष असा की जिंकणारे नकोत, हरणारे हवेत.

कॅल्टेकचा_भाचा

हरण्याचा विषय आमच्याशिवाय पूर्ण होणार नाही. (मामा कॅल्टेकमध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नामांकित विद्यापीठात, संशोधन करायचे, मी सुट्टीत जायचो.) कॅल्टेक आपल्या परिषदेत सलग ३१० सामने हरलं. १९८५ पासून. २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटल कॉलेजला ४६–४५ ने हरवलं, शेवटी एका फ्री थ्रोवर. प्रेक्षक कोर्टवर धावले. मामा म्हणाले, प्रयोगशाळेतून नोबेलची बातमी आली तरी आम्ही इतके धावत नाही. आकडेमोड, तुमच्या सवाईत सव्वीस वर्षं एकच सम चुकल्यावर ती अशी कधी सापडली का?

आकडेमोड

सव्वीस वर्षं चुकली तर दुसऱ्या दिवशी बोलावत नाहीत हो.

पण ३१० हा आकडा सुरेख आहे. त्यावर थोडा वेळ गेला, हे मान्य करतो.

बर्फाळ_बापू

बुधवारी मॅकॅलेस्टरशी सामना आहे. तेही स्नेलिंगवरच, दोन-अडीच मैल दक्षिणेला, एकाच बसने जाता येतं. त्यांचं चिन्ह स्कॉटिश, बॅगपाइपवाले. आमचं पाइपर, म्हणजे उंदीर पळवणारा तो बासरीवाला. असा सामना वरच्या पायरीवर कुठे मिळेल सांगा. स्ट्रीमही असतो, ज्यांना बर्फातून यायचं नाही त्यांच्यासाठी. कॅमेरा एकच आणि तो अधूनमधून बॅकबोर्डच्या मागे अडकतो, आधीच सांगून ठेवतो.

हिशेबनीस_काकू

बघेन. यादीत किती पोरं आहेत ते आधी मोजेन.

आकडेमोड

(गुरुवार)

झोप येत नव्हती म्हणून दुसरा हाफ लावला. फक्त दर्जा तपासायला. तुमचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारा, दोन मिनिटं राहिलेली असताना कोपऱ्यात मोकळा उभा असलेला माणूस सोडून स्वतःच का घुसतो? त्याला कुणी काही सांगत नाही का?

बर्फाळ_बापू

दोन वर्षं तेच ओरडतोय मी तिसऱ्या रांगेतून. शनिवारी परत आहे. दोघांनी मिळून ओरडू.