अनुभव धागा : थंडी, दुर्बीण आणि पोरंबाळं

हिवाळा लागला की तळ्यांवर पाहुणे उतरतात आणि सुट्टीच्या दिवशीही पहाटेचा गजर होतो. मुलांना घेऊन, किंवा लहानपणी आईवडिलांचं बोट धरून, पक्षी बघायला गेला असाल तर लिहा. दुर्मीळ काही दिसलंच पाहिजे असं नाही, फजितीही चालेल. सुरुवात मीच करते.

लेक सहा वर्षांची. माझी 8 बाय 42 ची दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली तर म्हणते, "आई, दोन दोन गोल दिसतायत." मी आपली फोकस फिरवत बसले. घरी आल्यावर उमगलं : नळ्या कितीही जवळ आणल्या तरी तिच्या डोळ्यांमधलं अंतर त्याहून कमी. पुढच्या खेपेला तोडगा तिनेच काढला, एक डोळा मिटून एकाच नळीतून बघायचं. तसा तिला धोबी पक्षी सापडला आणि पाऊण तास ती त्याच्या शेपटीच्या तालावर मान हलवत होती. तळ्यावर बाकी काय होतं, मला विचारू नका.

* * *

आमची फजिती ऑक्टोबरातली. मुलगा ओरडला, "बाबा, थापट्या!" मी तोऱ्यात म्हटलं, थापट्या बदकाच्या नराचं डोकं हिरवं असतं, इथे एकाचंही नाही. तो अडूनच बसला, "अहो पण चोच बघा ना, उलथन्यासारखी आहे!" थापट्याच होते. विणीनंतर नर रंगीत पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखेच मळकट दिसतात. चोच मात्र बारमाही तीच.

* * *

जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला (आपल्याकडे 1987 पासून होते) मुलीला नेलं. दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढा गठ्ठा नजरेत धरायचा आणि पुढे गठ्ठेच मोजत जायचं. 340 वर पोचलो आणि माथ्यावरून शिकारी पक्षी गेला. अख्खा थवा उठला.
"आता?"
"पहिल्यापासून."
दहा मिनिटं अबोला होता.

* * *

मी उलट बाजूने लिहितो. बाबा सत्तरीपार. पर्णवटवट्या हा हिवाळ्यात येणारा चिमुकला पक्षी आवाजावरून ओळखायला त्यांनीच मला शिकवलं, कारण पानांत तो दिसत नाहीच. वयानुसार बारीक, चिरके आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यांचं तसंच झालंय. परवा म्हणाले, "यंदा आलेच नाहीत वाटतं." डोक्यावरच्या झाडात तर किचकिच चालू होती. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आहे की. गप्प बसलाय लेकाचा."