रोहिंग्या: ४००, ६,७०० की १०,०००? लेखात कोणता आकडा धरावा?

कात्रणवही
दिवाळी अंकासाठी ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतात रोहिंग्या मुसलमानांचं जे झालं त्यावर लेख लिहितोय. मृतांच्या आकड्यापाशी गाडं अडलंय. लष्कराच्या मते सुमारे ४००, त्यातले बहुतेक अतिरेकी. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदत संस्था म्हणते, पहिल्या महिन्यातच हिंसेत किमान ६,७००. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीच्या अहवालात १०,०००. संपादकांचं म्हणणं, तिन्ही छापा, वाचक काय ते ठरवेल. दुसरं असं की हिंदूंच्या हत्याकांडाबद्दल लिहिलं तर एक गट चिडतो, नाही लिहिलं तर दुसरा. त्याला किती जागा द्यावी? जाणकारांनी सांगावं. राजकीय हाणामारी नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

नमुना_निवड
तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेत तर वाचकाला वाटेल, तिघांनी एकच गोष्ट मोजली आणि उत्तरं वेगळी आली. तसं नाहीये.

डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावण्यांमध्ये सहा पाहण्या केल्या. २,४३४ कुटुंबं, ११,४२६ माणसं. अशा पाहणीत प्रश्न साधे असतात: अमुक तारखेला घरात कोण कोण होतं, आज कोण आहे, जे नाहीत ते कसे गेले. त्यावरून मृत्युदर काढून तो छावण्यांमधल्या लोकसंख्येला लावला. २५ ऑगस्ट ते २४ सप्टेंबर या काळात एकूण किमान ९,४०० मृत्यू आणि त्यातले हिंसेने किमान ६,७००, असं उत्तर आलं.

म्हणजे ही नावांची यादी नव्हे, नमुन्यावरून बांधलेला अंदाज आहे. तो कुठे चुकू शकतो? जे कुटुंब सगळंच्या सगळं मारलं गेलं, त्याच्याबद्दल सांगायला छावणीत कोणी नाही, तिथे आकडा कमी पडतो. एकच मृत माणूस बापाच्या घरानेही सांगितला आणि वेगळ्या झालेल्या भावाच्या घरानेही, तर आकडा फुगतो. तारखा मागेपुढे होतात. म्हणून तर संस्थेने कमाल-किमान काढून खालचं टोक पुढे केलंय. मराठी बातम्यांत 'किमान' हा शब्द हमखास गळतो आणि मग '६,७०० ठार' एवढंच उरतं. मृत माणूस लढणारा होता की साधा गावकरी, हे अशा पाहणीतून नीटसं कळत नाही. मात्र त्यात पाच वर्षांखालची किमान ७३० मुलं आहेत, हे त्याच परिच्छेदात यायला हवं.

सत्यशोधन समितीला म्यानमारने देशात येऊच दिलं नाही. ८७५ मुलाखती आणि उपग्रहचित्रं हा तिचा पाया. तिने घरोघर मोजणी केलेली नाही. हातात आलेल्या माहितीवरून '१०,००० पर्यंत' हा अंदाज सावधच म्हणावा लागेल, एवढंच तिचं विधान. तेव्हा ६,७०० ला दुजोरा देणारी दुसरी मोजणी म्हणून ते वापरू नका.

लष्कराच्या ४०० मागे गाव, नाव, पद्धत काहीच तपासता येत नाही. ते छापा, पण 'लष्कराचा दावा, पद्धत दिलेली नाही' असं जोडूनच. संपादकांना म्हणावं, समान जागा देऊ नका, समान प्रश्न विचारा.

उलटा_शोध
वरच्या प्रतिसादाला +१. फोटोंबद्दल दोन शब्द, कारण दिवाळी अंकात तीच मोठी चूक होते.

लष्कराने २०१८ मध्ये एक पुस्तक काढलं. त्यातला 'रोहिंग्यांनी मारलेले बौद्ध' म्हणून छापलेला फोटो १९७१ च्या ढाक्यातला निघाला. 'देशात घुसणारे बंगाली' (लष्कर रोहिंग्यांना असंच म्हणतं) म्हणून छापलेला फोटो १९९६ मधल्या रवांडाच्या निर्वासितांचा, मूळ रंगीत, इथे कृष्णधवल केलेला. तिसरा २०१५ च्या बोटीचा. ती बोट देशाबाहेर निघालेल्यांची होती, पुस्तकात ती आत येणाऱ्यांची झाली. मूळ फोटो म्यानमारच्याच माहिती मंत्रालयाचा, फिरवून आणि धूसर करून वापरलेला. रॉयटर्सने हे उघड केल्यावर लष्कराने पहिल्या दोन फोटोंबद्दल माफी मागितली.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०१७ मध्ये तुर्कस्तानच्या उपपंतप्रधानांनी रोहिंग्यांवरच्या अत्याचाराचे म्हणून चार फोटो ट्विटरवर टाकले आणि नंतर काढून घेतले. ते भलतीकडचेच होते. तेव्हा फोटो आपल्याला पटणाऱ्या बाजूचा असेल तर जास्तच तपासा.

तपासायची रीत अशी. गूगल, यांडेक्स, टिनआय अशा किमान दोन ठिकाणी उलटा शोध घ्या, म्हणजे फोटो टाकून तो आधी कुठे कुठे आलाय ते पाहा. सापडलेल्यांतला सर्वांत जुना धरा, सर्वांत वर आलेला नव्हे. काहीच सापडलं नाही तर फोटो आरशासारखा उलटून, कडा कापून पुन्हा टाका. फिरवलेले फोटो पहिल्या फेरीत निसटतात. तरीही काही मिळालं नाही, तर 'आधीचा सापडला नाही' एवढंच कळतं, 'खरा आहे' हे नाही. सप्टेंबर २०१७ च्या सरकारी पत्रकार दौऱ्यात मुसलमान स्वतःचीच घरं जाळताहेत असे फोटो वाटले होते. फोटो नवेच होते! पण त्यातल्या बायकांच्या डोक्यावर टेबलावर घालतात तशी लेसची कापडं होती, आणि त्यातलीच एक बाई पत्रकारांना विस्थापित हिंदूंच्या छावणीत भेटलेली होती. बीबीसीच्या वार्ताहराने हे ओळखलं ते दोन्ही ठिकाणी हजर होता म्हणून. संगणकाला ते जमलं नसतं.

उपग्रहचित्रावरून गाव जळालं हे कळतं, कोणी जाळलं हे नाही. पावसाळ्यात ढगांमुळे तारखेचाही घोळ होतो. पण रोहिंग्या वस्ती राख झालेली आणि लगतची राखाइन बौद्धांची वस्ती शाबूत, हे चित्र गावामागून गाव दिसतं, तेव्हा 'अपघाताने आग पसरली' हे म्हणणं टिकत नाही. समितीच्या अहवालात उद्ध्वस्त गावं किमान ३९२ आहेत, ह्यूमन राइट्स वॉचच्या डिसेंबर २०१७ च्या मोजणीत ३५४. हा विरोध नव्हे, मोजणीची वेळ वेगळी. तारखेशिवाय गावांचा आकडा लिहूच नका.

दक्षिणद्वार
हिंदूंच्या हत्याकांडाचं. खा माउंग सेक परिसरात २५ ऑगस्ट २०१७ ला 'आर्सा' या रोहिंग्या सशस्त्र गटाने हिंदू स्त्री-पुरुष-मुलं मारली, असा ॲम्नेस्टीचा मे २०१८ चा निष्कर्ष आहे. एका गावात ५३, शेजारच्या गावातले ४६ बेपत्ता, मिळून ९९ पर्यंत. त्यातले ४५ मृतदेह सप्टेंबर २०१७ मध्ये उकरून काढले. 'आर्सा'ने हात झटकले. वाचलेल्या बायकांची बांगलादेशातली जबानी आणि म्यानमारला परतल्यावरची जबानी जुळत नव्हती, हेही लिहा. त्या दोन्हीकडे कोणाच्या ताब्यात होत्या ते पाहिलं की दोन्ही जबान्या तोलूनमापून घ्याव्या लागतात. ॲम्नेस्टीने पुन्हा मुलाखती घेऊन आणि इतर पुराव्याशी ताडून निष्कर्ष काढला.

जागा किती? पूर्ण, स्वतंत्र परिच्छेद. 'पण दुसरीकडे' अशी सुरुवात करून सात लाखांवर लोकांच्या हकालपट्टीसमोर वजन म्हणून ठेवू नका. एका गुन्ह्याने दुसरा फिटत नाही.

लेख २५ ऑगस्टच्या पहाटेपासून सुरू केलात तर 'आर्सा'चा पोलीस चौक्यांवरचा हल्ला हेच सगळ्याचं मूळ वाटेल. ऑक्टोबर २०१६ चे हल्ले आणि त्यानंतरची लष्करी मोहीम, २०१२ ची दंगल, रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवणारा १९८२ चा कायदा, हे निदान चार ओळींत आधी घ्या.

सगळ्यांत भक्कम पुरावा कोणता असतो, ते इन दिन गावच्या प्रकरणात दिसतं. २ सप्टेंबर २०१७ ला तिथे दहा रोहिंग्या पुरुष मारले गेले. रॉयटर्सच्या वा लोन आणि क्याव सो ऊ यांनी मिळवलेले फोटो एका बौद्ध गावकऱ्याकडूनच आले: एकात दहाही जण गुडघ्यांवर रांगेत, दुसऱ्यात त्यांचे मृतदेह. मारण्यात सामील झालेल्या बौद्ध गावकऱ्यांनी स्वतः कबुली दिली. स्वतःच्या तोट्याचं बोलणारा साक्षीदार दहा पीडितांच्या मुलाखतींपेक्षा जड. लष्कराच्या आधीच्या चौकशीनुसार एकही निरपराध मारला गेला नव्हता, आणि जानेवारी २०१८ मध्ये याच दहांच्या हत्येची कबुली द्यावी लागली. तीही त्यांना 'अतिरेकी' ठरवून.

कात्रणवही
सर्वांचे आभार. एक राहिलं: भारतात रोहिंग्या किती? कुणी ४०,००० लिहितं, कुणी १४,०००.

नमुना_निवड
दोन्ही ऑगस्ट २०१७ चे. ४०,००० हा केंद्र सरकारचा अंदाज, नोंदणी नसलेले धरून. सुमारे १४,००० ही संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडची नोंदणी. 'सरकार २६,००० फुगवून सांगतंय' किंवा 'संस्था २६,००० लपवतेय' असं काही त्यातून निघत नाही.

दक्षिणद्वार
न्यायालयांबद्दल लिहिणार असाल तर सांभाळून. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा २३ जानेवारी २०२० चा आदेश अंतरिम संरक्षणाचा होता, वंशसंहार सिद्ध झाल्याचा निकाल नव्हे. तसंच आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा ८ एप्रिल २०२१ चा. तोही अंतरिम, जम्मूत ताब्यात ठेवलेल्या रोहिंग्यांची सुटका नाकारली, पण ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय परत पाठवू नका असंही म्हटलं. मथळ्यांत यातला एकच अर्धा आला होता, कुठे पहिला, कुठे दुसरा. आदेश मोजक्या पानांचा आहे, न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.