अटकेची बातमी आली, पण आगाऊ रकमेची?
"जाहिराती बंद होतील म्हणून जळगावचे पेपर महापालिकेवर लिहीत नाहीत," असं कोणीतरी म्हटलंय. मला ते अर्धंच पटतं. घरकुल प्रकरणावर, म्हणजे जळगाव पालिकेच्या गरिबांसाठीच्या घरबांधणी योजनेतल्या घोटाळ्यावर, रकानेच्या रकाने छापून आलेत. 2006 साली गुन्हा दाखल झाला आणि 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवलं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. कोणाला अटक झाली, कोणाला जामीन मिळाला, सगळं पहिल्या पानावर. पण ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम कशी दिली गेली, वसुली का झाली नाही, हा खरा गाभा. तो समजावून सांगणारं फार कमी वाचायला मिळालं.

आणि त्यासाठी आतल्या माणसाची गरजच नाही. राज्य सरकारच्या 2018 च्या परिपत्रकानुसार महापालिका-नगरपालिकांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 कोणालाही अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या फायली-कागदपत्रं, बघता येतात, माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही. आमच्या गल्लीतल्या गटारीची फाईल मी अशीच पाहिली. मोजमाप पुस्तकात, म्हणजे ठेकेदाराने किती काम केलं याच्या नोंदवहीत, गटार पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलेली, प्रत्यक्षात दोन घरं अलीकडेच संपते. बाबूंनी आधी "साहेब नाहीत, नंतर या" केलंच, पण परिपत्रकाची प्रत पुढे ठेवल्यावर फाईल निघाली. मग रोज महापालिकेत जाणाऱ्या बातमीदारांना सोमवारचे दोन तास काय जड आहेत? सभेतल्या भाषणांपेक्षा एक मोजमाप पुस्तक छापा, आम्ही वाचतो.