विषय: पाच आठवडे बाहेर – घोडी कोण फिरवणार?

नमस्कार मंडळी,

विषय जरा वेगळा आहे, ॲडमिननी सांभाळून घ्यावं. पुढच्या महिन्यात पाच आठवडे मी इथे नाही. घोडी तबेल्यात असते, वैरण-पाणी आणि साफसफाई तिथली माणसं बघतात, पण स्वारी मीच करते, आठवड्यातून पाच दिवस. चौदा वर्षांची आहे. स्वभावानं गरीब, पण रोज काम मिळालं तरच गरीब! एक मुलगी पैसे घेऊन फिरवायला तयार आहे. व्हिडिओ पाहिले, बैठक सुरेख आहे. तेवढ्यावर हो म्हणू का? कुणी असं माणूस ठेवलं असेल तर कृपया सांगा.

– घोडीवाली

---

रि: पाच आठवडे बाहेर – घोडी कोण फिरवणार?

अगं, व्हिडिओवर जाऊ नकोस. बसता येणं हा यातला सोपा भाग.

घोडा का अडला, तर न फिरवल्यामुळे, हे कोडं आपण सगळे घोकून मोठे झालो. माझा घोडा फिरवल्यामुळे अडला. मी ठेवलेला माणूस स्वार म्हणून उत्तम होता. पण घाई असली की खोगीर घालायचाच नाही, लंजिंग करायचा, म्हणजे लांब दोर लावून स्वतःभोवती गोल गोल फिरवायचा. छोट्या रिंगणात, पाऊण-पाऊण तास, आणि बहुतेक डावीकडेच, कारण घोड्याला ती बाजू सोपी. मी परतले तर पुढच्या पायाचा सांधा सुजलेला. त्यानं एकही दिवस चुकवला नव्हता. ‘रोज फिरव’ एवढंच मी सांगितलं होतं, ते त्यानं इमानेइतबारे केलं. आता लिहून देते: लंजिंग आठवड्यातून एकदाच, वीस मिनिटांच्या वर नाही, रिंगण निदान वीस मीटर व्यासाचं, दोन्ही बाजूंना सारखं.

त्या मुलीला एक दिवस बोलाव. म्होरकी हातात दे आणि बाजूला उभी राहा, शिकवू नकोस. खरारा करताना पायांवरून तळवा फिरवते का? चारही खूर उचलून बघते का? बऱ्याच घोड्या तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना पोट फुगवून उभ्या राहतात, म्हणून दहा-वीस पावलं चालवून तंग पुन्हा बघावा लागतो. तो बघते का? ‘आधी तुम्ही बसून दाखवा’ असं आपणहून म्हणाली, तर माझ्या लेखी अर्धी परीक्षा पास. मग दहा मिनिटं नुसती चाल, त्यानंतर दुडकी. बसल्या बसल्या दौडवायला लागली तर आभार मानून घरी पाठव. उतरल्यावर खोगीर काढून पाठीकडे बघते का, तेही बघ. सगळीकडे घाम आणि मध्येच एक कोरडा डाग असेल, तर तिथं खोगीर दाबत असण्याची शक्यता असते.

आणि पैसे खेपेवर ठरवू नकोस. माझी दुसरी चूक तीच होती. खेपेचे पैसे मिळणार असतील तर घोडी किंचित लंगडते आहे हे दिसूनही माणसाला दिसत नाही. आठवड्याचे ठरव, आणि स्पष्ट सांग की ‘आज नको’ असं वाटलं तर चढायचं नाही, फोटो पाठवायचा, पैसे कापले जाणार नाहीत.

विमा कुणाचा, ती पडली तर खर्च कुणाचा, हे आधी कागदावर. हेल्मेटशिवाय चढायचं नाही, हेही त्यातच.

– काकू

---

रि: रि: पाच आठवडे बाहेर

काकूंचं सगळं मान्य, पण माणूस हवाच कशाला? सोबतीला दुसरं घोडं असेल तर दे कुरणात सोडून. तयारीतलं जनावर दोन-तीन आठवड्यांत फारसं मागे पडत नाही, पाचात थोडं पडेल, परतल्यावर हळूहळू चढवत ने. मात्र काम बंद तर चंदीही कमी, तीही लगेच. पूर्वी ओढकामाच्या घोड्यांना रविवारी सुट्टी आणि दाणा मात्र भरपूर, मग सोमवारी जुंपलं की मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होऊन जनावर जागीच थिजायचं. त्या दुखण्याचं नावच मुळी ‘मंडे मॉर्निंग डिसीझ’ पडलं.

---

रि: रि: रि: पाच आठवडे बाहेर

आमच्याकडे मांजर आहे. तिला फिरवायला कुणी ठेवू का? (सॉरी, राहवलं नाही.)

---

रि: रि: रि: रि: पाच आठवडे बाहेर

दादा, कुरणाचा विचार केला होता, पण घोडी एकटी राहत नाही, कुंपणाच्या कडेनं येरझाऱ्या घालत बसते. म्हणून मुलगीच ठेवते आहे. चंदी मात्र तुम्ही म्हणता तशी कमी करते, कारण पाचाऐवजी चारच दिवस काम होणार, त्यातले दोन नुसत्या चालीचे.

काकू, तुम्ही सांगितलेली परीक्षा काल त्या मुलीची घेतली. गप्प राहणं मलाच जड गेलं. तंग दोनदा बघितला. ‘आधी तुम्ही बसा’ काही म्हणाली नाही. पण मागचा उजवा खूर साफ करताना थांबली, टोकदार काहीतरी उकरलं आणि हातावर ठेवून मला दाखवलं. बोटाच्या पेराएवढा खडा, चांगला रुतून बसलेला. आदल्या दिवशी संध्याकाळी स्वारी मीच केली होती.

पैसे आठवड्याचे ठरवलेत. मी फोनवर सापडले नाही तर उपचार सुरू करावेत, अमुक रकमेपर्यंत मला न विचारता, असं पशुवैद्यांना पत्र दिलं. तबेल्याच्या दारावर कागद लावलाय: ताप किती चालतो, नाडी किती (स्वस्थ उभी असताना मिनिटाला २८ ते ४४), आणि लीद बंद, सारखं पोटाकडे वळून बघणं, लोळणं यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. घोड्याला उलटी होत नाही, हे तिला ठाऊक होतं. मला ते घोडी घेतल्यावर दोन वर्षांनी कळलं.

– घोडीवाली