‘रेशियल इक्विटी’ला मराठीत काय म्हणायचं?

माशेलची: गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यासाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. मूळ मजकूर अमेरिकेतल्या मुख्य कचेरीतून आलाय. कामाच्या जागी ‘रेशियल इक्विटी’ राखायला आपण सगळे बांधील आहोत, असा त्याचा आशय. आधीच्या अनुवादकानं ‘वांशिक समभाग’ लिहून ठेवलं होतं. समभाग म्हणजे शेअर! मी ‘वांशिक समानता’ केलं, तर तेही परत आलं, कारण त्यांच्या लेखी इक्वॅलिटी (सगळ्यांना सारखं) वेगळी नि इक्विटी (ज्याला जे लागेल ते) वेगळी. कायद्याच्या मराठीत ‘समन्याय’ आहे, पण पॅकिंगवरच्या बायांना तो वाचून दाखवला तर कळेल? शुक्रवारी द्यायचंय.

डिचोलीकर: ‘समता’ लिहा, ताई. 1928 साली बाबासाहेबांनी ‘समता’ याच नावाचं पत्र काढलं. लढ्यातून आलेला शब्द घरात असताना कोशातला कशाला शोधायचा?

साखळीचे मास्तर: संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे. अनुच्छेद 15 मध्ये ‘धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान’ असा क्रम येतो. म्हणजे ‘वांशिक’ पक्कं. ‘वर्ण’ नको, आपल्याकडे त्याला चातुर्वर्ण्याचा वास आहे.

डिचोलीकर: मग ‘वर्णद्वेष’ कसा चालतो, मास्तर? दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांत आम्ही तोच वाचत आलो.

माशेलची: ‘समता’ मलाही जवळचा वाटतो. पण वाचणारा त्याचा अर्थ ‘सगळ्यांना सारखं’ असाच घेणार, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

पेडण्याची: सारखं दिलं की कसं अडतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या जुन्या कारखान्यात यल्लापूरकडची एक सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाची, मुलगी लागली होती. आत जाताना सगळ्यांना एकाच मापाची इलॅस्टिकची टोपी. तिचे केस दाट, कुरळे, टोपी कपाळावरून वर सरकायची. केस बाहेर दिसले की सुपरवायझर दारातूनच परत पाठवायचा. आठवड्यात तीनदा तिचा अर्धा दिवस कापला. शेवटी एका वयस्क बाईनं स्टोअरमधून मोठी टोपी मागवून दिली, तेव्हा ते थांबलं. टोपी सगळ्यांना सारखीच मिळत होती ना? याला काय म्हणणार?

डिचोलीकर: ‘न्याय्य वागणूक’. सरळ आहे आणि बायांना कळेल.

साखळीचे मास्तर: ते वर्णन झालं, संज्ञा नव्हे. बाकी ‘कमिटमेंट’ला ‘वचनबद्धता’ मुळीच लिहू नका. ‘बांधिलकी’च हवी. माझ्या मते ती ‘बांध’ वरूनच आलीय. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध फुटला की ज्याचं शेत दूर आहे तोही फावडं घेऊन धावायचा. वचन कुणी दिलेलं नसायचं.

डिचोलीकर: ‘बांधील’ हा ‘बांधणे’ या धातूवरून सरळ येतो. खाजनापर्यंत जायची गरज नाही.

पेडण्याची: एक राहिलं. त्या मुलीला आत ‘खाप्री’ म्हणायचे. ती घरी कोंकणी बोलते, तरी पासपोर्ट विचारायचे. पत्रकात हा शब्द नाव घेऊन लिहा, की तो कामावर वापरायचा नाही. ‘घाटी’ आणि ‘भायलो’ (बाहेरचा) हेही लिहा. नाहीतर बायांना वाटेल, हे अमेरिकेचं काहीतरी आहे.

साखळीचे मास्तर: खाप्री म्हणजे खापरासारखा काळा. चुलीवरचं खापर आठवा.

डिचोलीकर: नाही, मास्तर. अरबी ‘काफिर’, त्याचं पोर्तुगीज ‘काफ्र’, त्याचं आपलं खाप्री. पोर्तुगिजांनी मोझांबिकहून गुलाम आणले, त्यांच्यासाठी वापरला जाणारा हा शब्द. त्यांतलेच काही पळून घाट चढले, त्यांचे वंशज आज उत्तर कन्नडात आहेत. शब्दाच्या पोटात गुलामगिरी आहे. खापर म्हणून ती झाकू नका.

पर्वरीकर: मध्येच बोलतो. आमच्या पर्वरीत खाप्रेश्वर आहे. माझी आजी नारळ ठेवल्याशिवाय पुढे जायची नाही. त्या शब्दावर बंदी कशी घालणार?

पेडण्याची: देवाच्या नावावर कोण बंदी घालतंय? पण आजी हात जोडून म्हणायची, आणि सुपरवायझर बोट दाखवून.

साखळीचे मास्तर: खाप्रेश्वराचं मूळ मात्र तपासायला हवं. तिथल्या जाणत्यांना कुणी विचारलंय का?

माशेलची: आज गुरुवार. ‘न्याय्य वागणूक’ लिहिलंय, ‘समता’ कंसात. टोपीची गोष्ट घालू का, बाय? मुलीचं गाव लिहिणार नाही.

पर्वरीकर: मास्तर, रविवारी विचारून येतो.